हळदीच्या ड्रमाची ग्लँड

माझ्या थोरल्या नणंदेच्या उजव्या तळहातावर एक पांढरा वण आहे. हळदीच्या हंगामात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होतात, तेवढा वण मात्र रंग घेत नाही. तो कसा आला आणि त्यानंतर आमच्या घरात काय काय बदललं, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं. त्या सगळ्यात माझ्या वाट्याला जे आलं, ते मला कुणीकुणी दिलेलं आहे.

माझं माहेर वाशीम जिल्ह्यातलं, अनसिंगकडचं. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला होता. आमच्या वर्गात मुली मोजक्याच, पण शिकवणारे सर चांगले होते. मोटारीचं वाइंडिंग, स्टार्टर, घरातली फिटिंग, सगळं त्यांनी आमच्याकडून करवून घेतलं. लग्न होऊन मी केनवडला आले तेव्हा पक्कड, टेस्टर आणि पेचकस असलेली माझी पिशवीही सोबत आली आणि माळ्यावर गेली. तिला कुणी बंदी घातली नव्हती. घरात शेती होती, सोयाबीन, तूर, हळद होती, स्वयंपाक होता. लाइट गेली की आमचे हे खांबाकडे बघत, फ्यूज बदलत, आणि मी भाकरी थापत असे. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, एवढंच.

थोरल्या नणंदेला मी ताई म्हणते. तिच्या नवऱ्याच्या मागे ती माहेरीच राहायला आली. अंगापिंडानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. गावातल्या बायकांचा बचत गट तिनंच उभा केला आणि गटाच्या जोरावर हळद पॉलिश करायचा ड्रम घेतला. उकडून वाळवलेली हळकुंडं खरबरीत आणि मातकट असतात. ती जाळीच्या मोठ्या पिंपात घालून फिरवली की एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. शेवटी थोडं हळदीचं पाणी शिंपडलं की रंग उजळतो. ड्रम लोखंडी गाड्यावर बसवलेला होता. ज्याची हळद असेल त्याच्या मळ्यात ट्रॅक्टरला जोडून न्यायचा आणि विहिरीवरच्या थ्री-फेजवर चालवायचा.

ड्रम बनवून देणाऱ्यानं मोटारीला केबलही जोडून दिली होती. केबल होती सबमर्सिबल पंपाची, चपटी, तीन तारांची. शेतकऱ्याच्या घरी तीच उरलेली असते. मोटारीच्या डब्याच्या गोल भोकातून ती चपटी केबल आत घातलेली आणि उरलेल्या जागेत काळी टेप गुंडाळून कोंबलेली. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं. ड्रम सुरू होता, बायका हसत होत्या, पिवळा धुरळा उडत होता.

पहिला हंगाम तसाच निभावला. दुसऱ्या हंगामात आमच्याच मळ्यात ताई ड्रमाचं दार उघडायला गेली आणि तिचा हात तिथेच चिकटला. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. गटातली एक बाई विहिरीजवळ पाणी भरत होती. तिनं हातातली घागर टाकली आणि मेन स्विच खाली ओढला. ताई मागे पडली. मी घरून जेवणाचे डबे घेऊन बांधावर पोचत होते. मी धावले तेव्हा ती जमिनीवर पडून डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तळहातातून जळका वास येत होता.

दवाखान्यातून ती दोनेक दिवसांत घरी आली. हाताला पट्टी होती, पण जीव होता. ज्या बाईनं स्विच ओढला तिला मी आजही दिवाळीत घरी बोलावते, आणि ती येऊन दरवेळी म्हणते, "मी काय केलं वं? घागर फुटली माही, तेवळंच."

ताई घरी आल्यावर ओसरीवर गटातल्या बायका जमल्या. मशीन परत करायचं, असं बहुतेकींचं मत पडलं. कुणी म्हणालं, पोत्यात घालून पायानं घासत जाऊ पहिल्यासारखं. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून ऐकत होते. मी पाणी द्यायला आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मशीनचा दोष नाही. केबल भोकाच्या काठावर घासून सोलली. तार डब्याला लागली आणि सगळ्या लोखंडात करंट उतरला. त्या केबलला अर्थिंगची तारच नाही."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले येते हे?"

"हो."

"मंग दुरुस्त करता येईन?"

"येईल. पण सामान नीट लागेल."

"मंग कर ना," ते म्हणाले. "इथी कोन अडवून राह्यलं तुले?"

इतकं साधं बोलणं. पण त्या दिवशी माझी पिशवी माळ्यावरून खाली आली ती पुन्हा वर गेली नाही. मामंजींनी ती स्वतः काढली आणि झटकून दिली.

सामान आणायला ताई आणि मी मालेगावला गेलो. तिच्या हाताला अजून पट्टी होती, तरी ती ऐकेना. "माह्या हाताले बसला झटका, तं मीच पायनार काय आनते ते," म्हणाली. बसमधून उतरून आम्ही वाशीम रोडवरच्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांचं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. अरुंद दुकान, भिंतीला खालपासून वरपर्यंत लाकडी खण, आणि काउंटरवर चष्मा कपाळावर चढवून बसलेले चाचा.

मी म्हणाले, "चाचा, ग्लँड पाहिजे. मोटारीच्या डब्याला."

ग्लँड म्हणजे केबल डब्यात शिरते तिथे बसवायची आटे पाडलेली छोटी नळी. तिच्यात रबराची कडी असते आणि बाहेरून टोपीसारखा नट. नट आवळला की कडी दबते आणि केबलला चारही बाजूंनी धरते. मग बाहेरून कितीही ओढा, आतल्या तारांवर ताण जात नाही, धूळपाणीही आत शिरत नाही. वस्तू अंगठ्याएवढी, पण नेमकी लागते.

चाचांनी विचारलं, "केबल आनली का बेटी?"

मी जुन्या केबलचा तुकडा पुढे केला. त्यांनी तो बोटात फिरवून पाहिला. मीच म्हणाले, "ही नको. चपटी केबल गोल कडीत बसत नाही, दोन्ही बाजूंना फट राहते. मला गोल रबरी द्या, चार तारांची. चौथी अर्थिंगला."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुठी शिकली?"

"आयटीआयला."

"माशाल्लाह," ते म्हणाले आणि उठलेच. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर खण उघडायला सुरुवात केली, ते थांबलेच नाहीत. सगळं काउंटर ग्लँडांनी भरून गेलं. पितळी, पांढऱ्या, काळ्या, लहान, मोठ्या.

ताईला पितळी आवडली. जड, चकचकीत. "हे घे ना वं. मजबूत दिसते."

"ती कवचाच्या केबलसाठी आहे ताई," मी म्हणाले. "केबलच्या आत लोखंडी तारांचं कवच असतं, ते ती ग्लँड धरते. जमिनीत पुरलेल्या, न हलणाऱ्या केबलला ती चांगली. आपली केबल मऊ आहे, रोज गुंडाळायची, रोज ओढायची."

"मंग पांढरी?"

यावर चाचा बोलले. "पांढरी घरातल्यासाठी, बहेन. उन्हात राहिली का तडकते. तुमचं मशीन उन्हात राह्यते ना? काळी घ्या."

मग मापाची गोष्ट आली. चाचांनी नव्या गोल केबलचा वीतभर तुकडा कापून दिला. मी कॅलिपरनं त्याची जाडी मोजली, दोन ठिकाणी, कारण रबर सगळीकडे सारखं नसतं. मग डब्याच्या भोकाचं माप सांगितलं, ते मी घरूनच घेऊन आले होते. चाचांनी त्या भोकाची एक ग्लँड काढली. केबल तिच्यातून सहज गेली, पण नट पूर्ण आवळला तरी मागेपुढे सरकत होती. त्याहून लहान काढली तर केबल आतच जाईना.

"टेप गुंडाळ ना थोडी," ताई म्हणाली. तिचा विचार सरळ होता. घरी आम्ही सगळेच तसं करतो.

चाचांनी खरंच टेप घेतली. केबलवर गुंडाळली, मोठ्या ग्लँडमधून घातली, नट आवळला. ग्लँड एका फुटक्या पत्र्याच्या डब्याला बसवली, डबा पायात धरला आणि केबलचं टोक ताईच्या चांगल्या हातात दिलं. "ओढा."

ताईनं ओढलं. पहिल्यांदा हललं नाही. तिनं भिंतीला पाय लावला आणि पुन्हा ओढलं, तशी केबल सुळकन बाहेर आली. टेप मात्र ग्लँडमध्येच राहिली. चाचा डब्यासकट स्टुलावरून सरकले. तिघंही हसलो. शेजारचा दुकानदार काय झालं म्हणून डोकावून गेला.

"पाह्यलं?" चाचा म्हणाले. "तिनं टेपले धरलं, केबलले नाई."

मग त्यांनी दुसरी एक ग्लँड दाखवली. लहान मापाची होती, पण तिला मागे स्प्रिंगसारखी लवचिक शेपटी होती. केबल डब्याला चिकटून एकाच जागी वाकू नये म्हणून ती शेपटी असते. रोज हलणारी केबल तिथेच आधी मोडते. मी ती हातात घेतली आणि मला कळलं की हीच पाहिजे. फक्त आमच्या मापाची नव्हती.

चाचा म्हणाले, "आज काही नेऊ नको. ही मोठ्या मापाची अकोल्याहून मागवतो. आली का फोन करतो."

ताई घाबरली. हंगाम चालू होता, हळद वाळून पडली होती, दोन मळ्यांतून निरोप आले होते. ती म्हणाली, "चाचा, तवर कामचलाऊ काही तरी द्या ना."

"कामचलाऊनंच तुमचा हात बांधला ना बहेन," चाचा हळूच म्हणाले. रागानं नाही. त्यांनी सगळ्या ग्लँड एकेक करून खणात परत ठेवल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला केबल, मोठा प्लग, सॉकेट आणि चहा दिला. ग्लँड दिली नाही. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू न विकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुरकुरल्या. हंगाम कोणासाठी थांबतो का, म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "हळद अजून जराशी वाळली तं काय बिघडते? पोरीले पायजे ते येऊ दे." बायकांनी गुमान वाट पाहिली. कुणी मला टोकलं नाही. आज विचार करते तेव्हा त्यांच्या त्या थांबण्याचंच मला नवल वाटतं. त्यांनी माझं काम तोवर पाहिलंच नव्हतं.

चाचांचा फोन आला तेव्हा आमचे हे मोटारसायकल घेऊन गेले आणि पुडकं घेऊन आले. पुडक्यात ग्लँड, तिचा मागचा नट, रबरी वायसर, आणि चाचांनी न सांगता टाकलेली एक जादा रबरी कडी.

मी ड्रम ओसरीसमोर घ्यायला लावला. आधी डब्याच्या भोकाची धार कानशीनं घासून मऊ केली. भोक वरच्या बाजूला होतं, पाणी थेट आत उतरायचं. मी डबा फिरवून बसवला, तोंड खाली केलं. ग्लँड आवळली, केबल आत घेतली, आत थोडी ढील ठेवली. अर्थिंगची तार इतर तारांपेक्षा लांब ठेवली, म्हणजे सगळं उपसून निघायची वेळ आलीच तर ती शेवटी सुटेल. गाड्याच्या लोखंडालाही वेगळी अर्थिंग दिली. विहिरीवर सॉकेट लावलं आणि त्याच्यामागे करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच बसवला. प्लगच्या आतही केबल धरणारी पट्टी नीट आवळली. ओढ बसलीच तर सॉकेटातून प्लग निघावा, तारा निघू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं.

ड्रम मळ्यात विहिरीवर नेला. तो सुरू करायची वेळ आली तेव्हा बायका लांब उभ्या राहिल्या. ताईसुद्धा. मी टेस्टर लावून दाखवला, मीटर लावून दाखवला, पण दिवा लागत नाही म्हणजे काय हे त्यांना कसं पटणार? मी स्वतःच हात लावायला पुढे झाले. तेवढ्यात मामंजी बांधावरून उठले. चपला काढल्या, अनवाणी ओल्या जमिनीवरून चालत आले आणि माझ्याआधी त्यांनी फिरत्या ड्रमाच्या गाड्यावर पूर्ण तळहात टेकवला. टेकवून ठेवला.

"मामंजी, चपला," मी म्हणाले.

"कायले?" ते म्हणाले. "तू जोडलं ना?"

मी पदर तोंडाला लावून पक्कड शोधायचं सोंग केलं.

त्या हंगामात ड्रम खूप फिरला; ज्या मळ्यात जायचा तिथे आधी मी तसंच सॉकेट आणि स्विच खांबावर लावून घेत असे. आणि हंगाम संपत आला असताना मालेगावकडच्या एका मळ्यात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पॉलिश चालू होती, ताई ड्रमाजवळ पाणी शिंपडत होती. मळ्याच्या मालकानं ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की दुसरा गाडा पुढे घे. त्याला वाटलं आमचाच गाडा. तो आला, आकडा अडकवला, ट्रॅक्टरच्या आवाजात आमचं ओरडणं त्याला ऐकू गेलं नाही, आणि तो निघाला.

केबल जमिनीवरून उचलली गेली आणि दोरखंडासारखी ताठ झाली. सॉकेटचा खांब वाकला. ताई गाड्याला धरून चालत होती, कारण ड्रम अंगावर येईल म्हणून तिला हात सोडवेना. मला तिचा तो उजवा हात दिसत होता, लोखंडावर. मग खट्ट आवाज झाला, प्लग सॉकेटातून उडाला आणि ड्रम फिरत फिरत थांबला. ट्रॅक्टरवाल्यानंही मागे पाहून ट्रॅक्टर थांबवला.

ताई उभी होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. "काही झालं का? काही लागलं का?"

"काही नाई," ती म्हणाली. मग खाली बसली आणि म्हणाली, "मले पानी दे."

ट्रॅक्टरवाला बिचारा पांढराफटक पडला होता. त्याला ताईनंच पाणी दिलं, आपलं पिऊन झाल्यावर.

मी डबा उघडला. आतल्या चारही तारा जागच्या जागी होत्या. एकही पेच ढिला नव्हता. ग्लँडच्या तोंडाशी केबल नखभर बाहेर सरकल्याची खूण होती, बस. शेपटी एका बाजूला वाकली होती, ती मी हातानं सरळ केली. ताई माझ्या खांद्यावरून आत बघत होती. तिला त्यातलं फारसं कळलं नसेल, पण ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपला पिवळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. माझ्या केसांना हळद लागली ती रात्री धुतल्यावरही पूर्ण गेली नाही.

मी तिथूनच चाचांना फोन केला. "चाचा, ट्रॅक्टरनं ओढलं. ग्लँडनं सोडलं नाही."

पलीकडून पहिला प्रश्न आला, "बहेन कशी हाये?"

"चांगली आहे. चहा मागून राह्यली," मी म्हणाले. माझ्याही तोंडात केनवडची बोली आली होती, ते मला तेव्हा कळलं.

"अल्लाचं शुकर," चाचा म्हणाले. आणि वर, "आन तुहं बी, बेटी."

त्यानंतर लोक मला बोलावू लागले. आधी आसपासच्या मळ्यांतून, मग दुसऱ्या बचत गटांतून. कुणाची कडबा कुट्टी, कुणाची पिठाची गिरणी, कुणाची डाळीची चक्की. मी जाते तेव्हा सगळ्यात आधी केबल डब्यात कुठून आणि कशी शिरते ते बघते. बहुतेक ठिकाणी भोक असतं आणि चिंधी असते. आमच्या ह्यांनी मला स्कूटी घेऊन दिली. मामंजी आता थकले आहेत, पण मी कामावरून आले की विचारतात, "आज कोनाचं केलं?" आणि मी सांगते ते शेवटपर्यंत ऐकतात.

यंदा चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता दुकानात दुपारनंतर त्यांची सून बसते. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा ती एका गिऱ्हाइकापुढे गोंधळून उभी होती, कोणती ग्लँड द्यावी ते समजेना. गिऱ्हाईक घाईत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी काउंटरच्या आत गेले. आम्ही दोघींनी सगळे खण काढले, मापाप्रमाणे कड्या वेगळ्या केल्या, तिनं कॅलिपर कसा धरायचा ते माझ्याकडून दोनदा करून घेतलं. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक आणि चपळ आहेत. ते गिऱ्हाईकही थांबलं, स्टुलावर बसून बघत राहिलं, आणि शेवटी आपल्या केबलचा तुकडा आणायला घरी गेलं.

चाचा आतल्या खोलीत होते. डोळ्यांवर हिरवी पट्टी. त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि मला आत बोलावलं. मी त्यांच्याजवळ बसले. मला आभार मानायचे होते, पण त्याआधी त्यांनीच विचारलं, सून शिकेल का? मी म्हणाले, शिकेल, पटकन शिकेल. ते हसले आणि बाहेर ओरडून म्हणाले, "बहू, चाय ठेव. मेहमान आली हाये."